खुडलेले शेंडे

उंद्रीच्या अलीकडे, चिखलीकडून येणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत प्रसेनजित आणि सुवर्णाचं पॉलिहाऊस आहे. कागदावर दोघांचं नाव असलं तरी आत राबते ती सुवर्णाच. प्रसेनजितकडे छोटा टेम्पो आहे. पहाटे काकडीचे क्रेट भरून तो कधी चिखली, कधी खामगाव, कधी मलकापूर गाठतो आणि दुपारी परत येऊन झोपतो. काकडी वाढते कशी हे त्याला साधारण माहीत आहे. विकते कशी हे चांगलं माहीत आहे.

त्या हंगामात सुवर्णाकडे सारिका आणि पुष्पाबाई अशा दोघी कामाला होत्या. शिवाय प्रसेनजितची आई, पंचफुलाबाई. तिला कोणी मजूर म्हटलं नसतं, पण दोघींपेक्षा जास्त वेळ तीच आत असे. तिचं आयुष्य लोकांच्या कपाशीत आणि सोयाबीनमध्ये वाकून गेलं होतं. नवरा माणिकराव वारला, तेव्हाही तिने फार दिवस हात थांबवले नाहीत. पुढे स्वतःचं पॉलिहाऊस उभं राहिलं आणि मुलगा म्हणाला, "माय, आता तू बस." त्यावर ती म्हणाली, "बसाले मी का पाव्हनी हाये?" मग तो विषय कोणी काढला नाही.

पॉलिहाऊसमधली काकडी जमिनीवर पसरत नाही. प्रत्येक रोपाशेजारी वरच्या तारेपासून एक सुतळी सोडलेली असते आणि वेल तिला गुंडाळत वर न्यायचा असतो. वेलाच्या पेरापेरावर एक पान येतं, एक फळ येतं, आधाराला वेटोळं घालणारा एक तणावा येतो आणि पानाच्या बगलेतून एक कोवळी फूट निघते. ही बगलफूट बोटाएवढी असतानाच खुडावी लागते. राहिली तर तिचाच वेल होतो, पसारा वाढतो आणि काकडी वाकडी-बारीक निघते. गुडघ्याच्या खालची फळंही लहानपणीच काढतात, म्हणजे वेलात जोर राहतो. हे सगळं काढायचं, फक्त एका गोष्टीला हात लावायचा नाही. ती म्हणजे शेंडा. शेंडा गेला की वेल तिथेच थांबला.

अडचण एवढीच, की वरच्या टोकाशी सगळंच दाटीवाटीने असतं. कोवळी पानं, तणावे, बगलफूट आणि शेंडा, सगळ्यांचा रंग एकच पोपटी.

फेब्रुवारीच्या अखेरीला वेल छातीएवढे झाले होते. एका सकाळी सुवर्णा ठिबकच्या नळ्या तपासत फिरताना सारिकाच्या ओळीत थांबली. एका वेलाचा शेंडा नव्हता. पुढच्या दोन वेलांचे होते, त्यानंतरच्याचा नव्हता. ती ओळीच्या शेवटापर्यंत गेली आणि शेजारच्या ओळीतून परत आली. तिथेही तेच. तिने एक तुटलेलं टोक जवळ धरून पाहिलं. अळीने खाल्लं असतं तर कड कुरतडलेली दिसली असती. हे नखाने खुडलेलं होतं, एका झटक्यात.

प्रसेनजित परत आल्यावर तिने त्याला आत आणून दाखवलं.

"ह्या ओळी कोनाच्या?" त्याने विचारलं.

"सारिकाच्या."

"तिले काम चांगलं येते ना?"

"सगळ्यात चांगलं येते. म्हनूनच तं."

सारिकाने हे मुद्दाम केलं असं सुवर्णाला वाटत होतं, आणि त्याला कारण होतं. आठवड्यापूर्वी तिची सारिकाशी बोलाचाली झाली होती. सारिकाच्या मुलीला शाळेत नेणारी गाडी बंद पडली होती, त्यामुळे तिला पायी सोडून येताना सारिकाला रोज उशीर व्हायचा. सुवर्णाने त्यावरून पुष्पाबाईसमोर टोकलं, आणि सारिका जवळच जाळीखाली मिरची घेणाऱ्या उत्तमरावचं नाव काढून म्हणाली होती, "उत्तमरावच्या शेडनेटात असं बोलत नाईत." तेवढंच. पण सुवर्णाच्या मनात ते राहून गेलं होतं. आता तिने दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या, आणि त्या इतक्या सहज जोडल्या गेल्या की आणखी काही पाहायची तिला गरज वाटली नाही.

"काढून टाक मंग," प्रसेनजित म्हणाला आणि झोपायला गेला.

दुपारी बाया डबे उघडत होत्या, तेव्हा सुवर्णा त्यांच्यापुढे उभी राहिली. तिच्या मुठीत खुडलेले शेंडे होते. ते तिने सारिकासमोर क्रेटवर ठेवले.

"हे काय हाये?"

सारिकाने पाहिलं. "शेंडे हायेत. कोनं खुडले?"

"तुझ्या ओळीतले हायेत."

सारिकाने भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "म्या नाई खुडले."

"मंग वेलानं सोताच टाकले काय? राग असन तं तोंडानं सांगाव. झाडावर काऊन काढते?"

"ताई, मले शेंडा आन् फूट कळत नाई असं वाटते का तुमाले?"

"कळते. म्हनून तं म्हनून राह्यली."

पुष्पाबाई खाली मान घालून बसली. पंचफुलाबाई माठापाशी होती. ती म्हणाली, "सुवर्णा, पोरगी तशी नाई हो." पण सुवर्णाने तिकडे पाहिलं नाही. सारिकाने डबा बंद केला, डोक्याचा रुमाल सोडून झटकला आणि दारातून बाहेर पडली. पॉलिहाऊसला दोन दारं असतात, एकामागे एक. आतलं दार तिने नीट लावलं, मग बाहेरचं लावलं.

दोन दिवसांनी कळलं की ती उत्तमरावच्या शेडनेटात मिरचीला लागली. सुवर्णाला वाटलं, आपलं खरं निघालं. तिला जायचंच होतं.

त्यानंतर सारिकाच्या ओळी सुवर्णानेच घेतल्या. शेंडा गेलेल्या वेलाला एक उपाय असतो. त्याची वरून पहिली धडधाकट बगलफूट ठेवायची, तिलाच सुतळीवर चढवायचं आणि तिचाच शेंडा करायचा. वेल मागे पडतो, पण मरत नाही. सुवर्णा रोज सकाळी तेच करत होती. नवी फूट कोवळी असते, वळवताना तुटली तर संपलं. हे काम घाईने होत नाही आणि रागाने तर नाहीच. चार दिवसांत तिचा राग बराच खाली आला, पण मत बदललं नाही.

मग एका दुपारी पुष्पाबाईने तिला हाक मारली. "ताई, इकडं या बरं जरा."

पुष्पाबाईच्या ओळीत शेंडे खुडलेले होते. ताजे. तुटल्या जागी अजून पाणी होतं.

पुष्पाबाई घाबरली होती. "म्या सकाळी ही ओळ केली तवा सगळे होते. तुमी मले काही म्हनू नोका, म्या आधीच सांगून राह्यली."

सुवर्णाने ओळीच्या पलीकडे पाहिलं. उन्हं डोक्यावर आली होती आणि वरच्या प्लास्टिकच्या कागदातून गाळलेला पांढरा उजेड सगळीकडे सारखा पसरला होता. त्या उजेडात दोन ओळी सोडून पंचफुलाबाई काम करत होती. तिची ही जुनी सवय होती. जेवण झालं की ती बाकीच्यांच्या ओळींवरून पुन्हा एकदा हात फिरवायची. राहिलेल्या फुटी काढायची. चटचट काम करणाऱ्या बाईच्या हातून जास्त राहतं असं तिचं म्हणणं होतं, म्हणून ती सारिकाच्या ओळींपासून सुरुवात करायची. त्या ओळी सुनेने घेतल्यावर मात्र ती पुष्पाबाईच्या ओळींकडे वळली होती, सुनेच्या कामावर ती हात फिरवत नसे. सगळ्यांनी हे इतक्यांदा पाहिलं होतं की आता कोणाला दिसत नव्हतं.

सुवर्णा न बोलता जवळ जाऊन उभी राहिली. सासूची नजर समोर कुठेतरी होती आणि बोटं वेलावरून वर सरकत होती. पेर चाचपलं, पान बाजूला केलं, फूट सापडली, खुडली. पुढचं पेर. पुन्हा फूट, पुन्हा खुडली. हात टोकाशी पोचला, कोवळ्या गुच्छात जरा थबकला, आणि तीही खुडली. मग पुढचा वेल.

"आत्याबाई," सुवर्णा म्हणाली, "तुमच्या हातात काय हाये?"

"फूट हाये. काय असन?"

"नीट पाहा."

पंचफुलाबाईने हात डोळ्यांजवळ नेला. मग आणखी जवळ. मग तिने तो पदराच्या सावलीत धरून पाहिला. बराच वेळ पाहिलं. त्यानंतर तिने शेजारचा पालथा क्रेट हाताने चाचपून शोधला आणि त्यावर बसली.

"शेंडा हाये," ती म्हणाली.

सुवर्णा तिच्यासमोर खाली बसली.

"सकाळी दिसते मले," पंचफुलाबाई म्हणाली. "ऊन वर आलं का समदं पांढरं होते. दूध सांडल्यावानी. मले वाटे, वरच्या कागदाची चकाकी असन."

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं बसवलं असतं तुमी घरी."

दोघी तिथेच होत्या. पुष्पाबाई लांबून पाहत होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. मग पंचफुलाबाईने हातातला शेंडा खाली टाकला आणि विचारलं, "मंग सारिकाच्या ओळीतले बी मीच खुडले का?"

"तसंच दिसते."

"आन् तू तिले म्हनलं."

"हो," सुवर्णा म्हणाली. "म्या म्हनलं."

संध्याकाळी तिने प्रसेनजितला सांगितलं. तो आईवर थोडा चिडला, मग डॉक्टरचा नंबर शोधू लागला. बुलढाण्याला डोळ्यांचा कोणता दवाखाना बरा, हे त्याने दोघा-तिघांना फोन करून विचारलं. या सगळ्यात सारिकाचं नाव निघालं ते जेवताना.

"तिले काम लागलं ना तिकडं?" प्रसेनजित म्हणाला. "मंग झालं तं. आता उकरून काय करतं?"

खरं म्हणजे ते ऐकून सुवर्णाला बरं वाटलं होतं. सारिकाकडे जायचं, तिच्या दारात उभं राहायचं, आणि गावाने ते पाहायचं, याचा विचार ती दुपारपासून लांब ठेवत होती. पुढे कधी भेट होईल तेव्हा बोलता येईल, असं तिने मनाशी ठरवलं आणि ताट उचललं.

आतल्या खोलीत पंचफुलाबाई पडून होती. तिला डोळ्यांनी कमी दिसत होतं, कानांचं काही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सूर्य उगवायच्या आत घराबाहेर पडली. तेवढ्या उजेडात तिला वाट दिसायची. सारिकाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. सारिका दारात पाणी तापवत होती. तिने म्हातारीला पाहिलं आणि उठून बाज टाकली.

"बसा माय. इतक्या सकाळी?"

पंचफुलाबाईने बसता बसताच सांगून टाकलं. शेंडे मी खुडले, मला दिसत नाही, तुझ्यावर उगाच आळ आला. सारिकाने सगळं ऐकलं. मग तिने चहा ठेवला, गाळला आणि कप म्हातारीच्या हातात नीट धरवला.

"तुमी कायले आल्या?" ती म्हणाली. "तुमी तं मले काहीच म्हनलं नाई. उलटं, पोरगी तशी नाई म्हनलं."

"पन केलं तं मीच ना."

"तुमाले दिसत नव्हतं माय. सुवर्णाताईले दिसत होतं."

पंचफुलाबाई कप धरून बसली. चहा निवला.

"त्याइनं पुष्पाबाईसमोर मले म्हनलं," सारिका म्हणाली. "दुसऱ्या दिवशी गावात झालं. उत्तमरावनं कामावर घेताना मले विचारलं, तिकडं काय झालतं म्हने. मी आता तिथं मिरच्या तोडते, तं बाया माझ्या हाताकडं पाह्यतात. तुमी घरात येऊन सांगतलं, ते माझ्यापाशी राह्यलं. बाहेर काय राह्यलं?"

पंचफुलाबाईने ते जसंच्या तसं सुनेला येऊन सांगितलं. एक शब्द कमी केला नाही, जास्त केला नाही. सुवर्णा त्या वेळी काकडी निवडत होती. सगळा ढीग निवडून होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

मग ती पुष्पाबाईला म्हणाली, "चला माझ्यासंगं."

उत्तमरावचं शेडनेट चालत जाण्याइतकं जवळ होतं. त्या पोचल्या तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि बाया पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. उत्तमराव खुर्चीवर मोबाइल पाहत होता. सुवर्णाला पाहून तो उठला आणि दुसरी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. वाटेने येताना तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं. ते मोठं होतं, त्यात बंद पडलेल्या गाडीचं होतं, मुलीच्या शाळेचंही होतं. आता समोर एवढ्या बाया पाहून त्यातलं फारसं उरलं नाही.

"माझ्या काकडीचे शेंडे सारिकानं खुडले असं म्या म्हनलं होतं," ती म्हणाली. "पुष्पाबाईसमोर म्हनलं. ते खोटं होतं. तिनं नाई खुडले. म्या न पाहता नाव घेतलं."

एका बाईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

उत्तमरावला राहवलं नाही. "मंग कोनं खुडले?"

सासूचं नाव इथे घ्यावं की घेऊ नये, याचा सुवर्णाने विचारच केला नव्हता. घेतलं नाही तर तिचं बोलणं अर्धं राहत होतं. घेतलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं, की पंचफुला आंधळी झाली आणि सुनेचं पीक बुडवलं.

"ते तुमाले काय करायचं भाऊ?" सारिका म्हणाली. ती डब्याचं झाकण लावत होती. "म्या नाई खुडले एवढं ऐकलं ना? तेवढंच तुमच्या कामाचं होतं."

उत्तमराव हसला आणि पुन्हा मोबाइलकडे वळला. मग सुवर्णाने सारिकाला विचारलं, "येशीन का परत?"

"नाई," सारिका म्हणाली. "इथलं मिरचीचं काम हाती घेतलं. ते मधात सोडत नाई." नंतर, जरा थांबून, तिने विचारलं, "त्या वेलाइचं काय केलं?"

"वरची फूट चढवली."

"धरली का?"

"बऱ्याच धरल्या."

सारिकाने मान हलवली आणि हात धुवायला गेली.

परत येताना पुष्पाबाई अर्ध्या वाटेवर थांबली. मग म्हणाली, "ताई, म्या त्या दिवशी काहीतरी बोलाले पाहिजे होतं. मले वाटलं, माझं बी काम जाईन."

"हो," सुवर्णा म्हणाली. तिने पुष्पाबाईला दोष दिला नाही आणि समजूतही काढली नाही.

मार्चमध्ये बुलढाण्याला पंचफुलाबाईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकलेला होता, डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काम कसं केलं याचंच नवल आहे. पट्टी निघाल्यावर तिने आधी सुनेकडे पाहिलं. सुवर्णाच्या कानाजवळ दोन-चार केस पांढरे झाले होते, ते तिला नवीन होते. "कवा पिकले हे?" तिने विचारलं. सुवर्णा म्हणाली, झाले की वर्ष-दीड वर्ष.

डॉक्टरांनी धुळीत आणि फवारणीत महिनाभर जाऊ नको म्हणून बजावलं होतं. ती घरी बसली. ज्याला ती भीत होती ते झालं, आणि ते तिला खरोखरच आवडलं नाही. ती दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारी. प्रसेनजितचा टेम्पो आला की माल कसा गेला ते विचारी. सारिकाच्या जागी बाई मिळाली नव्हती, त्यामुळे प्रसेनजितला झोप सोडून आत कामाला लागावं लागलं. पहिल्याच दिवशी त्याने धडधाकट डोळ्यांनी तीन शेंडे तोडले. सुवर्णाने त्याला ते दाखवले. तो म्हणाला, "दोन्ही सारखेच दिसतात ना पन." पुष्पाबाई तोंडाला पदर लावून हसली.

चढवलेल्या फुटींवर काकडी उशिरा लागली. शेंडा गेलेल्या वेलांवर इतरांपेक्षा कमी फळं आली, पण आली. एप्रिलच्या उन्हात मागणी होतीच.

सारिका बाजाराच्या दिवशी कधीकधी दिसे. सुवर्णा थांबली तर तीही थांबे. मुलीची शाळेची गाडी सुरू झाली होती. पंचफुलाबाईचे डोळे कसे आहेत, हे ती दर वेळी विचारायची. परत कामावर येण्याबद्दल दोघींनीही काही काढलं नाही. सुवर्णाला आपणहून विचारायचा एकदा मोह झाला, पण नकार एकदा स्पष्ट मिळाला होता आणि तिला तो मान्य होता.

पुढच्या लागवडीच्या वेळी, पावसाळा सरत आला असताना, एका सकाळी पॉलिहाऊसच्या दाराशी एक तरुण बाई उभी होती. नवी साडी, हातात डबा, पायात चपला धुऊन आणल्यासारख्या स्वच्छ.

"मी प्रतीक्षा," ती म्हणाली. "सारिकाची जाऊ. लहानी. ताईनं धाडलं. काम हाये का, विचाराले सांगतलं."

सुवर्णाने तिला आत घेतलं. "हाये. अजून काय सांगतलं ताईनं?"

प्रतीक्षा जरा घुटमळली. शब्द आठवून आठवून म्हणाली, "म्हने, सुवर्णाताईले सांगजो, काही बिघडलं तं आधी पाहजा, मंग बोलजा."

पंचफुलाबाई चष्मा लावून पलीकडे सुतळ्या सोडत होती. तिने हात थांबवून सुनेकडे पाहिलं. सुवर्णाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं.

"बरोबर हाये," ती म्हणाली. "काकडीचं काम केलं का कधी?"

"नाई. सोयाबीन, कपाशी."

"शिकशीन. डबा तिथं ठेव, सावलीत."

रोपं नुकती वीतभर झाली होती, त्यांना अजून फुटी आल्या नव्हत्या. सुवर्णाने प्रतीक्षाला पहिल्या वाफ्याशी नेलं आणि सुतळीचं टोक रोपाच्या बुडाशी कसं सैल बांधायचं, म्हणजे खोड जाड झाल्यावर काचत नाही, ते दाखवलं. पहिली गाठ प्रतीक्षाने फार घट्ट मारली. सुवर्णाने ती सोडली आणि पुन्हा बांधायला दिली.